फ्लूच्या चार बैठका

१९ मार्च २०२०

डायरी लिहिणाऱ्याला एकतर पाप लपवायचं असतं नाहीतर पुण्य मिरवायचं असतं, आणि माझ्याकडे दोन्हींचा साठा बेताचाच. तरी एकाहत्तराव्या वर्षी ही वही उघडली, कारण आज कातालिनोशी पैज लागली. तो म्हणाला, "लिहून ठेव सगळं. नाहीतर जुलैत तोंड वर करून म्हणशील, मी असं बोललोच नव्हतो."

कातालिनो रस्त्याच्या पलीकडे, माझ्या बरोबर समोर राहतो. माझ्या थोरल्या मुलीचा धर्मपिता आहे, म्हणून चारचौघांत मला 'कोंपाद्रे' म्हणतो. एकटे असलो की गाढव म्हणतो.

पैज अशी. रेडिओवर ज्या नव्या रोगाची दवंडी पिटतायत तो फ्लूपेक्षा जास्त माणसं मारणार, असं त्याचं म्हणणं. मी म्हणतो, फ्लूच आहे, नवी टोपी घालून आलाय. आता हे ठरवायचं कसं? रेडिओचे आकडे मला मान्य नाहीत, ते दर बातमीला बदलतात. आमच्या कान्यो ओन्दो गावात एकच माप चालतं, मयताच्या बैठका. घरात कुणी गेलं की नऊ रात्री घर जागं ठेवायचं. आत बायका माळ जपतात, बाहेर अंगणात पुरुष कॉफी पितात, डॉमिनो खेळतात, आणि दुःखानं घर खचू नये म्हणून एक माणूस किस्से सांगतो. तो माणूस चाळीस वर्षं मी आहे. माझा घसा बसला तरच कातालिनो. (तो हे उलटं सांगेल.)

फ्लू आम्हाला दर पावसाळ्यात चार बैठका देतो. कधी तीन, कधी पाच, पण चार धरून चाला. जुलैत कार्मेनच्या मातेची जत्रा असते. तोवर नव्या रोगाच्या बैठका चारच्या वर गेल्या तर कातालिनो जिंकला, नाही गेल्या तर मी.

पणाला लावलंय गाढव. खरं गाढव नव्हे. ते माझंच आहे, सेनेटर त्याचं नाव. पणाला लागलाय गाढवाचा किस्सा.

साक्षीदार माझी बायको दिग्ना. तिनं विचारलं, तुम्हा दोघांपैकी कुणी गेलं तर तो धरायचा की नाही? खेळाचा विरस कसा करावा हे हिच्याकडून शिकावं.

२० मार्च

किस्सा इथं लिहूनच ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको.

निकानोर नावाचा माणूस मेला. पाऊस, चिखल, मोटार येईना, म्हणून पेटी त्याच्याच गाढवगाडीवर ठेवली. पुढे पाद्री, मागे काळ्या कपड्यात बायको, तिच्या मागे गाव. गाढव निघालं ते थेट गुत्त्यासमोर थांबलं. ढकला, ओढा, हलेना. शेवटी गुत्तेवाल्यानं सवयीनं एक ग्लास भरून पेटीवर ठेवला तेव्हा चाललं. पुढे रुफिना नावाच्या बाईच्या फाटकाशी थांबलं आणि जोरात ओरडलं. रुफिना दार उघडून बाहेर आली, हातात निकानोरच्या सपाता. पाद्री घाईघाईनं दोरी ओढायला लागला. तेव्हा बायको म्हणाली, "फादर, सोडा दोरी. आज कळू दे अजून कुठं कुठं थांबतंय."

इथं किस्सा संपतो. हशा, कॉफी, पुढचा डाव.

कातालिनो मात्र तो पुढे ओढत नेतो. त्याचं गाढव आणखी दोन घरी थांबतं, न्हाव्याकडे थांबतं, आणि शेवटी निकानोरचं स्वतःचं घर येतं. तिथं मात्र थांबत नाही. उलट झपाझप पाय उचलतं. बायको मागून धावते आणि ओरडते, "निदान आज तरी थांब, मेल्या!"

हा काय शेवट झाला? हसावं की रडावं तेच ऐकणाऱ्याला कळत नाही. किस्सा माझ्या वडिलांकडून माझ्याकडे आला. कातालिनो म्हणतो, त्याच्या मामाकडून त्याच्याकडे आला. मामा तोतरा होता, म्हणून शेवट लांबला असणार.

आमचा एक जुना करारही आहे. जो आधी जाईल त्याच्या बैठकीत मागे राहिलेल्यानं गाढव सांगायचं. म्हणून तर मालकी महत्त्वाची. भलत्याच शेवटानं माणसाला पोचवलं तर तो वर जाऊन काय तोंड दाखवणार?

२८ मार्च

सगळं बंद. सत्तरी ओलांडलेल्यांनी तर दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. कातालिनोनं स्वतःला असं कोंडून घेतलंय की सरकारलाही लाज वाटावी. आंबा सोलायच्या आधी साबणानं धुतो. त्याच्या बायकोनं, नीकोलासानं, पडदा फाडून तोंडाला बांधायला फडकं शिवलंय. त्यावर पोपट आहेत. खिडकीत उभा राहिला की पोपटांची शाळा भरल्यासारखी दिसते.

मी मात्र बाहेर पडायची वाट काढली. पाळीव प्राण्याला थोडा वेळ फिरवून आणायची परवानगी आहे. मी सेनेटरला फिरवून आणलं. हवालदार बुएल्वास आडवा आला. म्हणाला, सिंदोकाका, हे कुत्रं नाही. मी म्हटलं, कायद्यात पाळीव प्राणी लिहिलंय, शेपटीची लांबी लिहिलेली नाही. तो बराच वेळ सेनेटरकडे बघत राहिला. सेनेटरही त्याच्याकडे. शेवटी हवालदारानं नजर खाली घेतली.

सेनेटर कातालिनोच्या फाटकासमोर थांबतो. ही त्याची फार जुनी सवय. कातालिनो त्याला रोज केळ्याची साल देतो. ती मिळाल्याशिवाय तो हलत नाही, मग मागे ट्रक असो की मिरवणूक. आता कातालिनो साल खिडकीतून फेकतो. नेम भिकार आहे, पण सेनेटर समजून घेतो.

१६ एप्रिल

पैजेची स्थिती: फ्लूच्या नेहमीच्या चार, नवा रोग शून्य. मी खिडकीतून ओरडून कातालिनोला कळवलं. तो म्हणाला, थांब जरा, आत्ता कुठं आलाय. रेल्वेला उशीर झाला की लोक असंच म्हणतात.

दुपारी यानेरिस येऊन गेली. माझ्या बहिणीची मुलगी, आरोग्य केंद्रात नर्स आहे. आत आलीच नाही, फाटकाबाहेरूनच माझी हजेरी घेतली. म्हणाली, मामा, तुमचा हिशोबच चुकतोय. फ्लू दरवर्षी गावभर मोकळा हिंडतो, आणि ह्याच्यासाठी सगळ्या देशानं दारं लावलीत. "बैल गोठ्यात कोंडायचा आणि मग म्हणायचं, बघा, बकरीनं जास्त लोकांना शिंगं मारली. असला हिशोब आहे तुमचा."

शिवाय म्हणाली, फ्लूचं तोंड आपल्या शरीराला ओळखीचं असतं, ह्याचं कुणालाच नाही. आणि एकूण किती मेले ते बघायचं नसतं, ज्यांना झाला त्यांच्यातले किती मेले ते बघायचं. मी विचारलं, मग किती? ती म्हणाली, नक्की कुणालाच माहीत नाही अजून, पण फ्लूच्या कितीतरी पट. नक्की माहीत नाही पण कितीतरी पट! ही पोरगी रेडिओत शोभली असती.

बोलता बोलता ती फाटकाला टेकली आणि उभ्या उभ्या तिचा डोळा लागला. नर्सच्या नोकरीत एवढा आराम असतो हे मला ठाऊक नव्हतं.

१० मे

पाऊस लागला. आमच्याकडे दर वर्षीच्या फ्लूचं बारसं होतं. गेल्या वर्षीचा 'सासूचा मुका', त्याच्या आधीचा 'पंक्चर', कारण धडधाकट माणूस रस्त्यातच बसायचा. ह्या रोगाचं नाव मात्र परदेशातून ठरून आलं, बारशाला आम्हाला कुणी विचारलंही नाही. मी नाव सुचवलं, 'निवडणूक'. गाजावाजा फार, हाती काही नाही. कातालिनोला हसू आलं, पण पोपटांच्या आड लपवलं त्यानं.

२३ मे

डॉमिनो सुरू केलाय. तो त्याच्या ओट्यावर, मी माझ्या, मध्ये रस्ता. दोघांकडे आपापला संच, सोंगट्या ओरडून सांगायच्या. आज लक्षात आलं की एका डावात एकदाच लागते ती जोड-सहा मीही लावली आणि त्यानंही लावली. त्यानं मला लबाड म्हटलं. गेल्या डावातही मीच दोनदा लावली होती, त्यामुळे मी वाद वाढवला नाही.

३० मे

कातालिनो म्हणतो की दोन झाल्या. अजिबात नाही. रोसेन्दो म्हाताऱ्याला दम लागला म्हणून शहरातल्या हॉस्पिटलात नेलं, तो तिकडेच गेला आणि तिकडेच पुरला. म्हणजे तो शहराच्या खात्यात. मक्याचे मुटके विकणारी एदुव्हिना गेली, पण तिच्या मुली म्हणतात हृदय बंद पडलं. हृदय बंद पडल्याशिवाय कोण मरतं? तरी मी म्हणतो, लेकींचा शब्द मान. शिवाय गर्दीला बंदी असल्यामुळे दोन्हीकडे बैठक झाली नाही. पैज बैठकांवर आहे.

कातालिनोनं रस्त्यापलीकडून विचारलं, "म्हणजे कुणी मेलंच नाही म्हण की."

"मेले," मी म्हटलं. "पण बसलं कुणी नाही."

त्यानं खिडकी लावून घेतली. हरणारा माणूस असाच वागतो.

एदुव्हिनाच्या घरावरून सेनेटरला नेलं. दार बंद, आत कुणीतरी माळ जपत होतं, एकटंच. अंगणात एकही खुर्ची नाही. मला थांबावंसं वाटलं, पण मला कुणी बोलावलेलं नव्हतं.

७ जून

अंग जरा कसकसतंय. आज दिग्नानं कॉफी म्हणून गरम पाणी दिलं. तिची काटकसर कुठवर जाणार आहे कुणास ठाऊक.

८ जून

आजही तेच. मी कप परत पाठवला. ती म्हणाली, रोजचीच पूड आहे. गोठ्यात गेलो तर तिथंही कसला वास नाही. म्हटलं, दिग्ना, गोठा इतका लख्ख कधीपासून ठेवायला लागलीस? ती माझ्याकडे बघत राहिली. मग घरात गेली आणि पुढच्या खोलीच्या पडद्याला कात्री लावली. त्या पडद्यावर अननस आहेत. मला तोंडावर अननस बांधायला सांगते. मेलो तरी बांधणार नाही म्हटलं.

१० जून

ताप. फ्लू आहे. नाव 'काटकसर'.

१२ जून

पाठ कुणीतरी मुसळानं कुटल्यासारखी. दिग्नानं माझी खाट खिडकीपाशी लावली आणि स्वतः मागच्या खोलीत झोपते. घोरणं सहन होत नसेल.

संध्याकाळी कोण आलं असेल? कातालिनो. तोच, जो आंब्याला साबण लावतो. इतके महिने फाटकाबाहेर न पडलेला माणूस रस्ता ओलांडून माझ्या खिडकीखाली स्टूल टाकून बसला. म्हणाला, पहिली बैठक कुठं होतेय ते बघायला आलोय, पैजेचा प्रश्न आहे. नीकोलासा त्यांच्या दारातून ओरडत होती, परत ये म्हणून. ह्याचं लक्षच नाही.

१४ जून

रोज येतो. एकामागून एक किस्से सांगतो, सगळे माझेच. पोपटांतून त्याचा अर्धा शब्द ऐकू येतो, अर्धा नाही. आज त्यानं गाढव सांगितलं, त्याच्या शेवटासकट. मी म्हटलं, निदान शेवट सांगताना ते फडकं खाली घे. पोपटाच्या तोंडून मी किस्से ऐकत नाही. त्यानं खाली घेतलं, खिडकीच्या गजाला नाक लावलं आणि बाईचा आवाज काढून म्हणाला, "निदान आज तरी थांब, मेल्या!"

मी हसलो नाही. खोकला आला होता, त्यालाच तो हसू समजला.

२१ जून

बरा झालो. कॉफीला अजून चव नाही, पण पाय जमिनीवर आहेत. यानेरिस फाटकाशी येऊन म्हणाली, मामा, तुम्हाला तोच झाला होता. मी म्हटलं, छान. फ्लू असेल तर फ्लूच होता असं मी पहिल्यापासून म्हणतोय. आणि तोच असेल, तर एकाहत्तर वर्षांचा म्हातारा त्यातून उठला, म्हणजे तो फ्लूपेक्षाही किरकोळ. कुठूनही बघ, पैज मी जिंकलो.

ती म्हणाली, "जे उठले तेच सांगायला येतात, मामा. बाकीच्यांचं म्हणणं तुम्ही कुठं ऐकलंय?"

मग तिनं सांगितलं, ह्या आठवड्यात शाळेचा जुना शिपाई लिबार्दो आणि शिवणकामवाली तेओतिस्ते, दोघंही गेली. बैठक झाली का, असं विचारणार होतो. तिचा चेहरा बघून नाही विचारलं.

२८ जून

आज साल नीकोलासानं फेकली. मी विचारलं, नवरोबा कुठंय? आतून खोकल्याचा आवाज आला आणि मग कातालिनोचा. "फ्लू आहे," तो म्हणाला.

एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तो माझ्या बाजूनं बोलला. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. मी सेनेटरला ओढत घरी आणलं.

२ जुलै

कातालिनोला शहरात नेलं. पांढऱ्या पोशाखातली दोन माणसं आली, त्यांनी त्याला धरून गाडीत बसवलं. त्यानं पोपट बांधले होते. मी माझ्या फाटकाशी उभा होतो. गाडीत बसता बसता तो वळून मला काहीतरी म्हणाला. फडक्यातून ऐकू आलं नाही. फडकं खाली घे, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं.

त्याला कुठून लागलं हे दिग्नाला विचारलं. ती म्हणाली, नीकोलासा बाजारात जायची, पाववाला दारात यायचा, काय सांगावं. चाळीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी खोटं बोलल्याचं मला आठवत नाही. आज बोलली. मला माहीत आहे कुठून लागलं. स्टूल अजून माझ्या खिडकीखालीच आहे.

६ जुलै

त्याच्या फोनवर आवाज भरून पाठवला. आधी विचारलं, जेवण कसं आहे, नर्सा कशा आहेत. मग गाढव सांगितलं, माझ्या शेवटासकट, म्हणजे तो चिडेल आणि उठून बसेल. त्याला चिडवायला मला कधीच फार वेळ लागलेला नाही.

अजून ऐकलेलं दिसत नाही.

९ जुलै

यानेरिस म्हणते, घशात श्वासाची नळी घातली आहे. फ्लूत असं होतं का, विचारलं. क्वचित, म्हणाली. मग मी तिला विचारलं, ज्यांना झाला त्यांच्यातले किती, ते जे तू सांगत होतीस ते पुन्हा सांग. तिनं सगळं पुन्हा सांगितलं, बैल आणि बकरीसकट. या खेपेला मी मध्ये बोललो नाही.

१३ जुलै

कातालिनो काल गेला.

मला त्याचा भयंकर राग आलाय. एवढी काळजी घेणारा माणूस. आंब्याला साबण लावणारा माणूस. माझ्या खिडकीखाली बसायची काय गरज होती त्याला? करार बैठकीचा होता, आजारपणाचा नव्हता. मी जेवलो नाही. दिग्नानं आग्रहही केला नाही.

उद्या त्याला आणणार. घरच्यांच्या कबरीत पुरायची परवानगी नीकोलासानं भांडून मिळवली. पण गाडी थेट कब्रस्तानात जाणार. बैठक नाही, माळ नाही, चार माणसं नाहीत. नीकोलासाला घराबाहेर पडायची मनाई, तिलाही झालाय. यानेरिस माझ्या फाटकाशी उभी राहून फोनवर तिला हे समजावत होती. फोनचा आवाज मोठा होता. पलीकडून नीकोलासानं विचारलं, "दारासमोर घटकाभर तरी थांबवतील का गं त्याला?" यानेरिस म्हणाली, नाही मावशी, वाटेत कुठंही थांबायचं नाही असा नियम आहे.

नीकोलासा मग फक्त म्हणाली, "निदान आज तरी." तिला दिवसही नीट सुचत नव्हता, उद्याचं बोलत होती.

चाळीस वर्षं मी म्हणत आलो, तो शेवट चुकीचा आहे.

१४ जुलै

आज सेनेटरला फिरवायला काढलं. पाळीव प्राणी आहे, कायद्यानं मुभा आहे. तो कातालिनोच्या फाटकासमोर जाऊन सवयीप्रमाणे थांबला. फक्त मी त्याला रस्त्यात जरा आडवं धरलं. रस्ता अरुंद, त्यात पावसानं दोन्ही कडेला चिखल.

गाडी आली. मागे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पेटी, पुढे ते दोघं पांढरे, आणि मोटारसायकलवर हवालदार बुएल्वास. भोंगा वाजवला. सेनेटरनं कान हलवले, बाकी काही नाही. बुएल्वास उतरला, म्हणाला, सिंदोकाका, बाजूला घ्या. मी म्हटलं, ओढून बघ. त्यानं ओढलं. पांढऱ्यातल्या एकानं मागून ढकललं. मी त्यांना समजावून सांगितलं की ह्या फाटकाशी साल मिळाल्याशिवाय हे जनावर हलत नाही, आणि साल देणारा माणूस तुमच्या गाडीत आहे.

नीकोलासा खिडकीत आली. हातात केळ्याची साल. सकाळीच सोलून ठेवलेली असावी, कारण काळी पडली होती. तिनं पेटीकडे बघितलं, मग माझ्याकडे. साल फेकली नाही.

तेव्हा मी सुरुवात केली. अंगणातल्यासारखा मोठ्यानं. म्हटलं, मंडळी, हा कातालिनोच्या गाढवाचा किस्सा. कातालिनोचा म्हणताना माझी जीभ अडखळली, पण म्हटलं. निकानोर मेला, मोटार येईना, गाढव गुत्त्यासमोर थांबलं. एकेक दार उघडायला लागलं. एदुव्हिनाच्या मुली उंबऱ्यावर आल्या. रोसेन्दोची सून खुर्ची घेऊन दारात बसली. लिबार्दोचा भाऊ, तेओतिस्तेचा नवरा, सगळे आपापल्या ओट्यावर, तोंडं बांधून. रुफिनाच्या सपातांपाशी पहिला हशा आला, फडक्यांतून, दबका. त्यातल्या कितीजणांकडे बैठकच झाली नव्हती ते मी तिथं उभा राहून पाहिलं. मी त्यांना मोजलंच नव्हतं.

बुएल्वास हात मागे बांधून उभा होता. त्यानं टोपी काढली होती.

माझा शेवट आला, दोरी सोडण्याचा. तिथं थांबलो नाही. गाढव आणखी दोन घरी नेलं, न्हाव्याकडे नेलं, कातालिनो घोळ घालायचा तसाच घोळ घातला. मग म्हटलं, आणि शेवटी त्याचं स्वतःचं घर आलं. आणि पुढे मला बोलताच येईना. घसा बसला असं समजा. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि जागा घ्यायला तो गाडीतून उतरू शकत नव्हता.

खिडकीतून नीकोलासा म्हणाली, "निदान आज तरी थांब, मेल्या."

आणि तो थांबलेला होता. दारासमोरच होता. सगळी गल्ली हसली. मीही हसलो. डोळ्यांतून पाणी येईतो हसलो आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. हसावं की रडावं ते कळत नाही, ह्यात त्या शेवटाची काहीच चूक नव्हती.

नीकोलासानं साल हातात धरून ठेवली, तिला हवा होता तेवढा वेळ. मग फेकली. तिचा नेम नवऱ्यापेक्षा बरा. सेनेटर चघळत बाजूला झाला.

१५ जुलै

उद्या जत्रा, म्हणजे पैजेचा निकाल आजच लावून टाकतो. रोसेन्दो, एदुव्हिना, लिबार्दो, तेओतिस्ते. ह्या माझ्या हिशोबातून निसटलेल्या चार. पाचवी त्याची स्वतःची. जिंकायला माणूस कुठल्या थराला जातो बघा.

नवा रोग फ्लूपेक्षा वाईट आहे, हे मी इथं माझ्या हातानं लिहितो. गाढवाचा किस्सा शेवटासकट कातालिनोचा.

हवालदार बुएल्वासला वर अहवाल द्यायचा होता, म्हणून सरकारी वाहनाला अडथळा केल्याबद्दल त्यानं सेनेटरला अटक केली. चौकीच्या मागे बांधलाय आणि सगळा बंदोबस्त त्याला केळ्याच्या साली खाऊ घालतोय असं कळतं. त्याला सोडवून आणायला हवं. दिग्ना म्हणाली, तसाच जाणार असशील तर दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही.

म्हणून अननस बांधून जातोय. कातालिनोला सांगू नका.